उभ्याने चालवायच्या पाणगाडीवर लावलेल्या पाणीचोरीच्या आरोपाबाबत

प्रति,
मा. शाखा अभियंता साहेब,
साठवण तलाव शाखा, चिंचदरा,
ता. पाटोदा, जि. बीड.

विषय : घरी बनवलेली जेट स्की ऊर्फ पाणगाडी ही पाणी उपसण्याची मोटार समजून जप्त केली असून ती ऊसतोड टोळी निघण्याआधी परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या शाखेचा पंचनामा व त्यानंतर आलेले चाचणीचे पत्र.

महोदय,

अर्जदार बजरंग धोंडीराम गर्जे, रा. चिंचदरा, हा ऊसतोड टोळीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर असून त्याची पत्नी रोहिणी त्याच टोळीत ऊस तोडते. गावचा तलाव भरतो तो टोळी निघण्याच्या तोंडावर, आणि टोळी परत येते तेव्हा तलावाच्या तळाला भेगा पडलेल्या असतात. लग्नाला इतकी वर्षे होऊनही या नवराबायकोने भरलेला तलाव निरोप घेण्यापुरताच पाहिला आहे. हे निसर्गाचे वेळापत्रक असल्याने त्याबद्दल शाखेविरुद्ध काहीही तक्रार नाही.

मागल्या हंगामात कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टर उभा असताना अर्जदाराने मोबाईलवर पाण्यावर उभ्याने गाडी पळवणारा माणूस पाहिला आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. गावी येताच त्याने थर्माकोलवर फायबर चढवून सांगाडा केला. भंगारातल्या टू-स्ट्रोक मोटारसायकलचे इंजिन आत बसवले. पोटाखालून पाणी ओढून मागे जोरात फेकणारा पंखा तेलगावच्या लेथवर घासून घेतला आणि कचरा आत जाऊ नये म्हणून मळणीयंत्राची चाळणी लावली. सायकलच्या हँडलला खालीवर होणारा दांडा जोडला, उभे राहण्याच्या जागी ट्रॉलीच्या टायरचे रबर चिकटवले आणि शोभेसाठी पोळ्याचे गोंडे बांधले. अर्जदाराची आई साखराबाई यांचे म्हणणे, "प्यायला पाणी न्हाई आन् ह्यो पाण्यावर पळायची गाडी करतोय," असे असून ते अर्जदारास मान्य आहे.

परवानगीसाठी अर्जदार कुठे गेलाच नाही, असे पंचनाम्यात म्हटले आहे. तो गेला होता. वाहनांच्या कार्यालयात चाके कुठे आहेत असे विचारले गेले. मासेमारीच्या कार्यालयात जाळे विचारले गेले. ग्रामपंचायतीत, ज्यावर बसता येत नाही त्याला गाडी कशी म्हणायची, यावर चहा होईपर्यंत चर्चा झाली. हे यंत्र आपले आहे असे छातीठोकपणे सांगणारे एकमेव कार्यालय आपले निघाले, याबद्दल अर्जदार आपला ऋणी आहे.

तलाव भरल्यावर पहिली चाचणी झाली. गाडी चालू होऊन वेग घेईपर्यंत डुगडुगते आणि अर्जदार दरवेळी तोंडावर पडत होता. बांधावर जमलेले गाव खूश होते. शेवटी रोहिणीने पदर खोचला व ती म्हणाली, "उतरा तुमी. डोक्यावर मोळी घिऊन रोज फळी चढते मी, इथं तर डोकं रिकामं हाय." ट्रकला लावलेल्या वीतभर रुंद फळीवरून उसाची मोळी वाहणाऱ्या बाईला तोल शिकवावा लागत नाही, ही गोष्ट यंत्र बनवणाऱ्याच्या ध्यानात आली नव्हती. ती पहिल्याच झटक्यात सांडव्यापर्यंत गेली, वळली आणि गोंडे उडवत परत आली. ती मोठ्याने हसत होती. कारखान्यावर अर्जदाराने तिला असे हसताना कधी पाहिले नाही, आणि अर्जात असले लिहायचे नसते हे ठाऊक असूनही तो लिहीत आहे.

एवढ्यात आपले कर्मचारी भागवतराव आले व "काहून रं, तलावात मोटार टाकलीस व्हय?" असे विचारते झाले. ही मोटार पाणी पोटाखालून घेते आणि हातभर मागे त्याच तलावात सोडते, असे सांगितले असता त्यांनी "घेते" एवढेच लिहून घेतले. पंचनाम्यात जेवढा उपसा दाखवला आहे, तेवढे पाणी या तलावात बांधल्यापासून साठलेले नाही. गावचे ऊस बागायतदार अर्जुनराव यांच्या मोटारी त्याच काठावर असून त्यांचे मांडीएवढे पाइप थेट उसात गेले आहेत. पण त्या बिचाऱ्या एका जागी गप्प बसतात. अर्जदाराची मोटार लाल रंगाची, गोंडेवाली आणि वर पळणारी, तेव्हा शाखेची नजर तिच्यावर जाणे साहजिकच आहे.

पंचनाम्यात पुढे "चालक बजरंग, सोबत एक महिला" असे लिहिले आहे. ही चूक नजरेस आणून देणे भाग आहे. बजरंग त्या वेळी गळ्याएवढ्या पाण्यात उभा होता. सोबत कुणी नव्हते, कारण सोबतीला तिथे जागाच नाही.

सध्या पाणगाडी आपल्या आवारात लिंबाखाली आहे. चौकीदार धुळाजी दांड्यावर धोतर वाळवतात व उभे राहायच्या खळग्यात शेळ्यांना पाणी पाजतात. जप्तीनंतर यंत्राचा पाण्याशी आलेला हा एकमेव संबंध होय.

आता आपले पत्र आले आहे की, यंत्र उपसा करते किंवा कसे हे पाहण्यासाठी मे महिन्यात तलावावर प्रत्यक्ष चाचणी घेतली जाईल व तोवर यंत्र सोडता येणार नाही. टोळी पुढच्या आठवड्यात निघते. आज तलाव काठोकाठ आहे. पुढल्या वर्षी भरेल की नाही हे आपणही सांगू शकत नाही आणि अर्जदारही नाही. रोहिणीला आणखी एक संध्याकाळ हवी आहे, एवढीच या प्रकरणातली खरी मागणी आहे.

तरी टोळी निघण्याआधी पाणगाडी सोडावी, आणि काही कारणाने सोडता येत नसेल तर निदान पंचनाम्यातला चालक दुरुस्त करावा, ही विनंती. मे महिन्यातच चाचणी घ्यायची असेल तर तीही मान्य आहे. कारखान्याहून परतताच दोघे वेळेवर तलावात हजर राहतील. गाडी अर्जदार आणेल, चालवेल रोहिणी. पाणी तेवढे कार्यालयाने आणावे.

सोबत : पाणगाडीचा फोटो, गोंड्यांसह. रोहिणीला फळीवर तोल सांभाळता येत असल्याबद्दल टोळीच्या मुकादमाचा दाखला.

स्थळ : चिंचदरा
दिनांक : ८ ऑक्टोबर २०२५

आपला नम्र व तूर्त कोरडा,
बजरंग धोंडीराम गर्जे
(अर्जदार, पाण्यात पडलेला)

रोहिणी बजरंग गर्जे
(चालक)