मिठाच्या वखारीतला देव

शहाड, ४ जानेवारी १९५२

चि. रघु यास दादाचे अनेक आशीर्वाद.

ठाण्याच्या आपल्या मिठाच्या वखारीचे तू टॉकीज करतो आहेस, याचा मला आनंदच आहे. जाड दगडी भिंती, वर छपराला सागवानी कैच्या, खिडकी एकही नाही. सिनेमाला लागणारा अंधार आजोबांनी आधीच बांधून ठेवला म्हणायचा. पण पश्चिमेच्या भिंतीतल्या कोनाड्यातला देव हलवायचा, हे ठरवणारा इंजिनिअर कोण? दरसाल आगरातले पहिले मीठ आई त्याच्यापुढे ठेवायची. तू देवाला कौल लाव. न विचारता हलवलास, तर त्या दारात मी पाऊल ठेवणार नाही. तुझी वहिनी म्हणते, यांचा राग पत्र ठाण्याला पोचेपर्यंतसुद्धा टिकत नाही. तिचे ऐकू नकोस.

मालनला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
काळुराम


ठाणे, ९ जानेवारी

ती. दादांना रघुचा शि. सा. नमस्कार वि. वि.

कौल लावला. विठ्ठल भगतांनी देवाच्या दोन्ही अंगांना ओली फुले चिकटवली. उजवे पडले तर हलवायचे, डावे पडले तर राहू द्यायचे. दादा, गाऱ्हाणे पुरते घालून होण्याआधीच उजवे पडले. मालन म्हणते, देवालाच सिनेमाची घाई दिसते.

पडदा त्याच भिंतीवर येतो, कारण समोरच्या टोकाला यंत्राची खोली आणि बायकांची गॅलरी आहे. देवासाठी दर्शनी दाराशी, जिन्याला लागून, नवा कोनाडा केला आहे. भिंतींत मुरलेले मीठ मात्र गिलाव्यातून पांढरे फुटते, इंजिनिअर कपाळाला हात लावून बसतो.

कौल तुम्हीच मागितलात, आता रुसू नका. तुम्ही येईपर्यंत देवाला कुणाचा हात लागणार नाही. काम थांबवले आहे.

वहिनींना नमस्कार. कृपादृष्टी आहेच, ती वाढावी.

तुमचा,
रघु


शहाड, १२ जानेवारी

चि. रघु यास आशीर्वाद.

तुझे पत्र आल्यावर दिवसभर रुसून बसलो. डावे फूल पडणार, अशी माझी खात्री होती. देवाच्या तोंडून मला माझेच म्हणणे ऐकायचे होते, दुसरे काय? तो जायला तयार, आणि मीच अडून बसलेला. वहिनी म्हणाली, देवाला जागा बदलता येते, यांना पाटसुद्धा बदलता येत नाही.

संक्रांत करून मंगळवारी येतो. देव गुंडाळायला कोरे धोतर आणतो. काम थांबवलेस, फार बरे वाटले. मालनला सांग, आम्हा दोघांची पाने वाढ. जिवाला जप, लोभ आहे तो असाच राहो.

दगड जड आहे, मला एकट्याला पेलणार नाही. दुसरी बाजू तू धर.

तुझा,
दादा