ॲम्पची अलाबला

६ एप्रिल
आज उमरग्याला आले. व्यंकट सोता गाडी घेऊन जळकोटला न्यायला आला. हा माझा लेक दिवाळीला एक फोन करायचा, आन् आज माझं गाठोडं खांद्यावर घेऊन चालला. माणसं बघत होती. बघू दे म्हटलं.

हायवेला लागून त्याचं मंगल कार्यालय. हॉलच्या मागं एक खोली, तिथं मला खाट टाकलीय. घरादारात एसी तेवढ्या ह्याच खोलीला. जन्मभर पत्र्याखाली भाजलेल्या बाईला आणखी काय पायजे? सून गौरी बी तोंड भरून हसली. नवलच.

नात हर्षाली नऊ वर्षांची. तिनंच ही वही दिली. म्हणाली, आजी, रोज लिही, शुद्धलेखन मी तपासते. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईचं शुद्धलेखन! तपास म्हटलं, लाल शाई पुरली तर.

७ एप्रिल
मुरुमचा मिस्त्री महारुद्र आला. पावसाळ्यात काढून ठेवलेले दोन ॲम्प माझ्या खाटेशेजारच्या लोखंडी कपाटात परत बसवले. हॉलमधल्या भोंग्यांना आवाज पुरवणारी ही मशीनं, उचलायला दोघं लागतात. दोन्हींच्या मधी एक खण मोकळा सोडला, कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढलं. पुढून गार हवा आत, मागून गरम बाहेर, असं हर्षालीला समजावत होता. एवढ्यानं भागायचं न्हाय, म्हणाला, भिंतीत गरम हवा ओढणारा पंखा लावा, आधीचं मशीन दोनदा ऐन मंगलाष्टकात जळालंय ते विसरलात का. व्यंकट म्हणाला, आता न्हाय जळायचं, आई आलीय. मिस्त्री हसला. मला बी बरं वाटलं. पोराला माझ्या पायगुणाचं कौतुक.

मग व्यंकटनं मला मशीनची पूजा करायला लावली. म्हणाला, आई, लेकराची घेतीस तशी ह्याची अलाबला घे. घेतली. मशीनवरून दोन्ही हात फिरवले, कानशिलाला लावून बोटं मोडली. तुझी पीडा मला लागू दे, म्हटलं. दहाच्या दहा कडाकड वाजली. हर्षालीनं करून बघितलं, तिचे अंगठे वाजंनात. मन लावून केलं तरच लागू होती, म्हटलं, शिकवते तुला.

१० एप्रिल
पयलं लग्न, दुपारी साडेबाराचं. आवाज असा की ताटात वाटी नाचत होती. मला एकाएकी ताप भरला. एसी सोळावर, आन् मी घामानं चिंब. वऱ्हाड गेलं, मशीन बंद झालं, ताप उतरला.

मिस्त्री तपासायला आला. मशीनला हात लावला आन् तसाच उभा राहिला. चार तास वाजून माठासारखं गार कसं, म्हणाला.

१३ एप्रिल
पुन्हा लग्न, पुन्हा ताप. डॉक्टर म्हणतो ऊन लागलंय. एसीत निजलेल्या बाईला ऊन! असल्या डॉक्टरलाच आधी तपासायला पायजे.

खाटेखाली पानसुपारीची एक चंची सापडली, लाल ठिगळाची. ती सिताबाईची, गौरीच्या आईची, माझ्या विहिणीची. मागल्या उन्हाळ्यात शेतात ऊन लागून गेल्या, असं व्यंकटनं फोनवर सांगितलं होतं. चंची कमरेला असल्याबिगर ती बाई उंबरा ओलांडायची न्हाय. मग शेतात गेलेल्या बाईची चंची इथं कशी?

१७ एप्रिल
हर्षालीला विचारलं. लेकराला खोटं बोलता येईना. नानी ह्याच खाटेवर निजायची, म्हणाली. नवं मशीन आलं तवा नानीनं हौसेनं त्याची अलाबला घेतली. मशीन अख्खा सीझन गार राहिलं. नानी तापली. शेवटच्या लग्नात ह्याच खाटेवर गेली.

म्हणजे व्यंकटला मागल्या सालीच कळलं होतं. औंदा त्यानं पंखा लावला न्हाय. आई आणली.

१८ एप्रिल
व्यंकटला तोंडावर विचारलं. तो माझ्याकडं न बघता मशीनकडं बघत होता. आई, अठ्ठावीसला सीझन संपतो, तेवढं काढ, म्हणाला.

तेवढं काढ. मी ह्याला गोवरात सात दिवस मांडीवर धरून काढलं होतं.

गौरी दारात होती. जिची आई गेली तीच खाली मान घालून उभी.

२० एप्रिल
सकाळी कुणाला न सांगता स्टँडवर गेले. जळकोटची गाडी लागायला दुपार झाली. पायरीवर पाय ठेवला, साडेबारा वाजले, तिकडं हॉलात लग्न लागलं, आन् मी तिथंच पडले. तीन कोसावर गेले असते तरी हेच. जागा सोडून सुटत न्हाय हे.

व्यंकट घेऊन आला.

२२ एप्रिल
एकच वाट हाय. दुसऱ्या कुणी माझी अलाबला घेतली तर माझं त्याच्यावर जाईल. व्यंकटला म्हटलं, घे. बोटं मोड माझ्यावरून, लेक हायस ना.

त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

हर्षाली दारातून बघत होती. तिला हाकललं.

२४ एप्रिल
वायर उपटली — त्यांनी परत लावली. आता बाहेरून कडी. पाणी खिडकीतून. हाताची कातडी पापडागत —

मशीन गार. शेजारी निजलंय बाळागत.

२६ एप्रिल
वाजायला लागलं. घसा सुकला, आवाज न्हाय —

कडी निघाली. व्यंकट न्हवं. हर्षाली.

समोर बसलीय. अंगठे मोडून दाखवले. दोन्ही वाजले. शिकली. म्हणती, पप्पांनी हात बांधले, मी न्हाय बांधणार —

बोलता येईना. लिहून दाखवते — हर्षाली, हे तपास, आधी हे वाच — नको बाळा — हात खाली घे — बघंना वहीकडं — माझ्या तोंडावरून हात फिरवले — कानशिलाला —

वाजली. दहाच्या दहा —

आन् मला गार वाट