मापाचा माणूस

३ ऑक्टोबर
आले बाई एकदाची! ट्रकवाल्याने सामान उतरवलं आणि विचारलं, बाकीचं मागून येतंय का? म्हटलं, हेच सगळं. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची, एक कप, चार भांडी, पुस्तकांची तीन खोकी. त्याला माझी कीवच आली असणार.

तीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढले, स्वतःसाठी हा पहिलाच. बारा फूट बाय अठरा, सगळं लाकूड, एकच खोली आणि भिंतभर खिडकी. झाडं अगदी काचेला टेकलेली. रंधा मारलेल्या लाकडाचा वास अजून आहे.

आम्ही दोघांनी मिळून ऑफिस चालवलं. मी काढायची आणि माझ्या जास्तीच्या रेषा हे पुसायचे. जास्तीचं काही ठेवू नये, असं ह्यांचं म्हणणं. हे गेल्याला दोन वर्षं होतील. धाकटी बहीण म्हणते, जंगलात एकटी राहून वेड लागेल. तिला ठणकावून सांगितलंय, सहा महिने राहून दाखवते, नाही जमलं तर मुकाट्याने तुझ्याकडे येते.

रोजनिशीही पेन्सिलनेच लिहितेय. सवय, दुसरं काय!

५ ऑक्टोबर
फजिती! खुंटीला हात पोचत नाही, ओटा छातीशी येतो आणि आरशात फक्त माझे केस दिसतात. सुताराला बोलावलं. मी त्याला गुण्यामामा म्हणते. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, आणि हा माणूसही तसाच, केसभर इकडे नाही की तिकडे.

त्याने नकाशा उलगडून दाखवला. उंचीचा अंदाज यावा म्हणून आम्ही नकाशात एक माणूस काढतो, मापाचा माणूस. माझा हात वर्षानुवर्षं ह्यांनाच काढत आलाय: सहा फूट, डावा खांदा जरा पडलेला, हात खिशात. इथेही खिडकीशी हेच उभे! मामाने सगळं त्यांच्या मापाने ठोकलं. वर मलाच ऐकवलं, कागदावर असतं ते बांधतो, कागदावर नसतं ते माझ्या लेखी नाहीच.

पोट धरून हसले. तो गेल्यावर रडलेही. सोळा तारखेला येऊन सगळं खाली घेतो म्हणाला.

९ ऑक्टोबर
टॉवेल खुंटीवर होता. तिथे माझा हात पोचत नाही. खुर्ची मी दाराकडे तोंड करून ठेवते, सकाळी ती खिडकीकडे वळलेली.

खोटं कशाला बोलू, भीती नाही वाटली. बरं वाटलं. चहा मी वाटीत घेतला आणि कप भरून खिडकीशी ठेवला. जेवायला बसले तेव्हा कप रिकामा होता, विसळून पालथा घातलेला. हे असाच घालायचे.

१२ ऑक्टोबर
धाकटीचा फोन. मी हॅलो हॅलो करून घसा कोरडा केला, तिला काही ऐकूच जाईना. मग रडवेल्या आवाजात तिने विचारलं, भावजी, तुम्ही? आणि फोन ठेवला.

मागे कुणीतरी खोकलं होतं, ते मीही ऐकलं.

१४ ऑक्टोबर
जमिनीवर बसून लिहितेय. खुर्ची रिकामी नसते. पलंगही. सरकून जागा द्या म्हटलं — ऐकू गेलं नसावं.

पुस्तकांच्या खोक्यावर चढून आरशात पाहिलं. मागची झाडं दिसली. मी नाही.

एका माणसाचं घर काढलंस ना बाई? मग कागदावर तो एक माणूस कोण आहे?

१५ ऑक्टोबर
नकाशात ह्यांच्या शेजारी स्वतःला काढून पाहिलं. पेन्सिल उमटत नाही. या वहीत उमटते अजून, पुसट.

खोडरबर घेतला. ह्यांना खोडलं की झालं. पण हात धजेना. एकदा गेलेच आहेत, आता मीच — नाही. नाही जमणार. खोडरबर टेबलावर ठेवला.

उद्या मामा येईल.

१६ ऑक्टोबर
आला. माझ्या अंगावरून गेला. खुर्चीला नमस्कार केला, साहेब, सगळं मापात आहे ना? बाईसाहेब कधी येणार राहायला?

मामा, मी इथे — ओरडले, दंडाला धरलं —

त्याला उत्तर मिळालं असावं. मान डोलावली. हत्यारं पिशवीत परत. गेला.

खुर्ची वळतेय. माझ्याकडे. ह्यांना मी दिसते — ह्यांना तरी —

हे उठले. टेबलाशी गेले. खोडरबर —

वहीवर वाकलेत. पहिल्या पानापासून. फुंकर मारतात, चुरा उडतो — अहो, मी जास्तीची नाही — मी तुम्हाला नाही हो खो