अंगणातून वाट देण्याबाबत

मी, या सार्वजनिक बागेचा मुख्य माळी, वयाने पन्नाशीला टेकलेला, डोके ठिकाणावर आणि हातपाय धडधाकट असताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी दटावलेले नाही, कोणी गोड बोलून बसवलेलेही नाही. आजार नाही. गेल्या महिन्यात मी बाकावरून उठलो आणि वाळकी फांदी त्याच बाकावर कोसळली. ज्या देवाने उठवले त्याचे आभार मानले आणि वकिलांकडे गेलो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. बागेच्या मागच्या भिंतीला लागून असलेले दोन खोल्यांचे घर व अंगण माझे आहे. ही बाग ज्या हवेलीची, तिच्या शेवटच्या मालकीणबाईंनी ते त्यांच्या माळ्याला, म्हणजे माझ्या वडिलांना, रीतसर लिहून दिले. वडिलांमागे घर मला आणि गावची जमीन थोरल्या भावाला, अशी वाटणी राजीखुशीने झाली. आमचे भांडण आहे ते वेगळे. घर माझ्या पश्चात पत्नीचे, तिच्या पश्चात मुलीचे. बँकेतली शिल्लक पत्नीची. ती किती आहे हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

कलम दोन. कलमे बांधायचा चाकू मुलीला. ती दुसऱ्या शहरात दातांची डॉक्टर आहे. म्हणते, "बाबा, चाकू घेऊन मी काय करू? दाढा काढू?" तरी तिलाच. लहानपणी तिने बांधलेले गुलाबाचे कलम जगले, त्याच दिवशी मी बांधलेले मेले. बाकी फावडी, खुरपी हाताखालच्या माळ्यांनी वाटून घ्यावीत. लांब नळीवरून भांडू नये. सकाळी जो पहिला येईल त्याची नळी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी.

कलम तीन. हवेली आणि बाग माझी नाही, तेव्हा ती कोणाला देण्याचा प्रश्नच नाही. पण जन्म तिथे गेला म्हणून थोडे लिहितो.

मालकीणबाईंना मूलबाळ नव्हते. त्यांनी सगळे शहराला देऊन टाकले. फाटक उघडले त्या दिवशी लोक आत येईनात. शेवटी एका आजीने चपला बाहेर काढल्या, तिचे पाहून सगळ्यांनी काढल्या, आणि माणसे अनवाणी, कुजबुजत फिरली, जणू मालकीणबाई वरच्या मजल्यावर झोपल्या आहेत. माझा भाऊ फाटकावर पहारेकरी. त्याने चपला ओळीत लावल्या. त्याला वाटले, आता असेच चालणार. थोड्याच दिवसांत मुले हिरवळीवर लोळू लागली आणि दादाने शिट्टी आणली. तेव्हापासून लोक त्याला शिट्टीदादा म्हणतात.

हवेलीचे जुने रस्ते बग्गीसाठी केलेले, वळणावळणाचे. पायी चालणारा माणूस सरळ जातो. मी अधिकाऱ्यांना म्हणालो, आपण वाटा आखू नयेत, वर्षभर थांबावे, आणि जिथे गवत मरेल तिथे फरशी घालावी. तसे केले. लोकांनी स्वतःच्या पायांनी बाग आखली.

दादा म्हणाला, "बाबांनी लेकरासारखी वाढवलेली हिरवळ तू लोकांच्या टाचांखाली घातलीस." त्यानंतर तो माझ्याशी बोलतो ते माझ्या पत्नीमार्फत. मी समोर बसलेला असलो तरी तिला म्हणतो, "त्याला सांग, कारंज्याचा नळ गळतोय."

माझ्यानंतर येणाऱ्या माळ्याला विनंती : नकाशा नंतर काढ, आधी गवत बघ.

कलम चार. याच नियमाने मी अडचणीत आलो. बागेतली एक मळलेली वाट मागच्या भिंतीला जाऊन थडकते. भिंतीपलीकडे माझे अंगण, अंगणापलीकडे गल्ली. गल्लीतल्या बायका घरी जाताना पिशव्या, कधी रडके पोरही भिंतीवरून, माझ्या अंगणात येऊन थांबलेल्या घरच्यांच्या हाती देतात आणि स्वतः मोठ्या फाटकाने सगळा वळसा घालून येतात. तिथले गवत केव्हाच मेले आहे. दुसऱ्याच्या हिरवळीवर फरशी घालणाऱ्याने स्वतःच्या अंगणाशी येऊन थांबावे, हे देवालाही पटणार नाही. म्हणून अंगणाची कडेची पट्टी, भिंतीपासून गल्लीपर्यंत, माझ्या पश्चात बागेला द्यावी. अधिकारी तिथे फाटक बसवायला तयार आहेत.

हे वाचून पत्नी म्हणाली, "पश्चात कशाला? गल्लीतल्या शिंपीणकाकूंचे गुडघे काय तुमच्या मरणासाठी थांबणार आहेत?"

"तुझी कपडे वाळवायची दोरी जाईल."

"दोरी गच्चीवर जाईल. तुम्ही कागद करा."

तेव्हा ही पट्टी मी हयातीतच वेगळ्या कागदाने देत आहे. त्याआधी माझे काही झाले, तर हे कलम तो कागद समजावे.

कलम पाच. कुंपण कापायची मोठी कात्री थोरल्या भावाला. वडिलांनी ती मला दिली, याचे त्याला वाईट वाटले होते. ते बरोबरच होते.

हे कलम मी खोडले आहे. खाडाखोड माझीच आहे, कारण लिहितो.

काल दादाला बोलावून सगळे वाचून दाखवले. चौथ्या कलमाला तो उठला. पत्नीला म्हणाला, "त्याला सांग, मागून वाट केली की बागेचा बाजार होणार. बाबा असते तर भिंतीला हात लावू दिला नसता."

दादा राहतो त्याच गल्लीत. पत्नी शांतपणे म्हणाली, "भाऊजी, तुमचा रिकामा डबा रोज संध्याकाळी घरी कुठून जातो?"

डबा दादा भिंतीवरून नातीच्या हाती देतो आणि मग वळसा घालून घरी जातो. सगळ्या गल्लीला माहीत आहे.

"म्हणजे ते गवत..."

"थोडं तुम्हीही मारलंय," ती म्हणाली.

तो बाहेर गेला, भिंतीवरून वाकून पलीकडचे मेलेले गवत बघत राहिला. परत आला आणि थेट मला म्हणाला, "साक्षीदार कोण आहे?"

मी म्हणालो, एक गल्लीतल्या डॉक्टरीणबाई, दुसरा ठरायचाय.

"मी करतो सही."

"दादा, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. वकिलांनी बजावलंय. तुझी कात्री जाईल."

"मग खोड. कात्री काय, बाजारात मिळते."

खोडले. वर लिहिलेले सर्व मी समजून लिहिले आहे. देणाऱ्याने दिले, ते जमेल तितके पुढे सरकवतो आहे.

सही : मुख्य माळी
ठिकाण : बागेमागचे राहते घर
दिनांक : नऊ फेब्रुवारी

आम्हा दोघांच्या देखत वरील गृहस्थांनी सही केली, व त्यांच्या देखत आम्ही केली.

साक्षीदार एक : गल्लीतल्या डॉक्टरीणबाई. प्रकृती तपासली, उत्तम आहे.

साक्षीदार दोन : थोरला भाऊ, बागेचा पहारेकरी. भिंत फोडायला माझी हरकत होती, आता नाही. नवीन फाटकाची किल्ली माझ्याकडे राहील. सकाळी मी स्वतः उघडीन.