पंचफुला डॉट कॉम आणि इतर दहा नावांची व्यवस्था

मी, महादेवराव गणपतराव झाडे, वय सत्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार पिपरी मेघे, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने, माझ्याच ओसरीवर बसून लिहितो. बुद्धी ठिकाणावर आहे. याबाबत घरात दोन मतं आहेत; पण चौथीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता मी डॉक्टरांसमोर चालीसकट म्हणून दाखवल्या आणि त्यांनी अर्ध्यातच हात जोडून दाखला दिला. कोणाचाही दबाव नाही.

१. घर आणि बँकेतली ठेव पत्नी सौ. पंचफुला हिची, तिच्यानंतर मुलगा विवेक याची. दारचा प्राजक्त तोडू नये. विवेकने गाडी लावायच्या नजरेने त्याच्याकडे दोनदा पाहिलेलं मी पाहिलं आहे.

२. माझे सहशिक्षक श्री. वासुदेवराव यांनी केळझरच्या शाळेत सतरा वर्षं माझा कवितेचा तास गणितासाठी मागून घेतला. "गुरुजी, तुमच्या कविता काय, उद्याबी राह्यतीन," असं म्हणत. त्यांना काय ठेवावं याचा मी पुष्कळ विचार केला. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असं वकिलांनी सांगितलं. त्यांना साक्षीदार केलं आहे.

३. आता मुख्य मिळकत. इंटरनेटवर दुकानाच्या पाटीसारखी नावं मिळतात. वर्षाचं भाडं भरत राहिलं तर नाव आपलं. मुदत चुकली की कोणीही उचलतो. दहा-बारा वर्षांपूर्वी नात काजल हिने मला हे दाखवलं, तेव्हा 'दवबिंदू' हा शब्द तिथे बेवारस पडला होता. तीस वर्षं मी पोरांकडून घोकून घेतलेला शब्द! डोळ्यांपुढे पावसाळी वर्ग आला, ओल्या दप्तरांचा वास आला, आणि मी तो विकत घेतला. मग पळसफूल, बोरमाळ, कापूसबोंड, असं करत अकरा नावं झाली. आजवर एकही विकलं गेलेलं नाही.

त्याचं कारण, काजलच्या मते, माझं विक्रीचं पान. नाव टाइप केलं की जे 'विकणे आहे'चं पान उघडतं ते मी स्वतः रचलं होतं. वर माझी कविता, सोळा कडव्यांची. खाली अकरा प्रश्न: आपण कुठले, घरी कोण कोण, नाव घेऊन काय करणार, एखादी कविता पाठ आहे काय. मुलगी द्यायची तर आपण चौकशी करतोच ना? शेवटी पत्ता आणि 'सायंकाळी चार ते सहा प्रत्यक्ष भेटावे, चहा मिळेल.' हिंगणघाटचे भैय्याजी कापूसबोंड पाहायला खरंच आले. चहा घेतला, चिवडा घेतला, तीन कविता ऐकल्या आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून गेले, ते गेलेच.

काजल म्हणाली, "आबाजी, घेणाऱ्याले घाई असते. पानावर नाव, भाव अन् बटन. बस."

"अन् कविता?"

"खाली. बारीक अक्षरात."

सबब, दहा नावं मी काजलला देतो. ती तिने इंटरनेटवरच्या एकाच मोठ्या नावांच्या बाजारात मांडून ठेवावीत. दोन ठिकाणी मांडलीच तर भाव एकच ठेवावा. पान तिच्या पद्धतीचं असावं. कविता खाली, पण चष्म्याने वाचता येईल इतकी.

४. अकरावं नाव पंचफुला डॉट कॉम. इथे माझ्या हातून चूक झाली, ती कबूल करतो. गेल्या महिन्यात नावं बाजारात चढवताना मी 'सगळी निवडा'वर खूण केली. दहांचे भाव लिहिले. अकराव्या नावाच्या चौकटीपुढे दोन दिवस बसलो. जो आकडा लिहावा तो कमीच वाटे. शेवटी 'बोली मागवा' हे बटन दाबलं. नाव काढून घेता आलं असतं. पण तिथे राहिलं तर रोज चार अनोळखी माणसं तरी ते वाचतील, असं मनात आलं आणि राहू दिलं.

रायपूरच्या एका अगरबत्तीवाल्याची बोली आली. बरी होती. छत नवं झालं असतं. काजलने ती मोठ्याने वाचली आणि पंचफुला स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काऊन जी, माह्यं नाव विकायले काढलं?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"अन् भाव काय लिवला?"

काजल म्हणाली, "आजी, भाव नाई लिवला. लोकाईनंच सांगायचा."

"अन् त्या कापसाच्या बोंडाले?"

"त्याले लिवला हाय."

"म्हंजे बोंडाले भाव हाय, अन् मले चौकात उभी करून इचारून राह्यले, सांगा बाप्पा, हिचं काय देता?"

तीन दिवस ताट आदळून वाढलं गेलं. चौथ्या दिवशी मी अगरबत्तीवाल्याला नकार कळवला, नाव बाजारातून काढलं आणि वही घेऊन तिच्यापुढे बसलो. म्हटलं, पान तुझं, मजकूर तू सांग. तिने भाजी निवडता निवडता सांगितला, तोच आता तिथे आहे: 'हे नाव विकायचं नाई. मालकीण घरीच हाय.'

इतक्या वर्षांत मला इतकं नेमकं लिहिता आलेलं नाही.

सबब, पंचफुला डॉट कॉम हे नाव पंचफुलाचं. माझ्यानंतर मुदत चुकून ते परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून दहा वर्षांचं भाडं आजच भरलं आणि पावती तिला दिली.

"दहाच काऊन?"

"एका वेळी त्याहून जास्त भरता येत नाही."

तिने पावती घडी करून डब्यात ठेवली. "मंग दहा वर्सानं अजून तुमीच भरजा. मले ते कम्पुटर समजत नाई."

सबब, हे मृत्युपत्र दिनांक १४ डिसेंबर २०३५ पूर्वी अमलात येऊ नये, ही माझ्या पत्नीची अट मला मान्य आहे. त्या दिवशी मला भाडं भरायचं आहे.

वरील सर्व वाचून, दोन ठिकाणी स्वतःच हसून, सही केली.

महादेवराव गणपतराव झाडे

साक्षीदार:
१. वासुदेवराव (कलम दोन वाचलं, सतरा नव्हे, पंधरा वर्षं)
२. तानबा, शेजारी

स्थळ: पिपरी मेघे, वर्धा
दिनांक: १४ डिसेंबर २०२५