पिसांची बॅग बाजेवर आहे

सुरभी,

मी कापूस वेचायले चालली. तू यवतमाळहून येशील तवा घरी कोणी राहणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

तुह्या दोन्ही स्लीपिंग बॅगा मागच्या पडवीत बाजेवर आहेत. सिंथेटिकचीले काही झालं नाही, नुसती झटकून घेजो. पिसांचीचं सांगाचं आहे. तू म्हणाली होती, तिले दाबू नको, सैल राहू दे. मी दिवाळीत तिले पोत्यात कोंबली अन् गाडीत कापूस तुडवतो तशी पायानं तुडवून पलंगाखाली सारली. जागा नव्हती म्हणून नाही. तू पहाडावर जायचं काढलं तवापासून तिचाच राग येत होता.

चार दिवसाआधी काढली तर पापडासारखी चपटी. सावलीत पसरवली, हातानं एकेक गाठ मोकळी केली, काठी लावली नाही. मंग हळूहळू फुगू लागली. आज पहाटे धुक्यात पाह्यलं तर वाटलं, कोणी आत झोपून श्वास घेऊन राह्यलं.

मीच आत शिरली. डोळा लागला. सपनात बर्फ पडून राह्यला होता अन् तू गरम झोपली होती, गालावर लहानपणीसारखी लाली. आपल्या कापसात एवढी ऊब नाही, पोरी.

चटणी डब्यात आहे. संध्याकाळची गाडी पकड, माही वाट पाहू नको. मी समोर आली का पुन्हा म्हणीन, जाऊ नको.

तुही आई