इंजिन आहे, पिकअप नाही

७ नोव्हेंबर १९८७

तू गप बस. वही आहेस, वहीसारखी राहा. खोटं बोलले, होय. बोलले पण नाही, नुसतं एक बोट दाखवलं. त्याचा जाब मी तुला देणार नाही.

मार्तंड सर आले ग्यारेजवर. लाल गाडी घेऊन — दोन दारांची, बुटकी, पुण्याहून सेकंडहँड आणलेली. परभणीत तसली एकच, म्हणून कॉलेजच्या पोरी वळून बघतात. अण्णांना म्हणले, "मिस्त्री, पाय दाबला की आधी घुटमळते. मग गचका खाते, मग पळते. ट्रकच्या पुढं काढताना जीव जायची वेळ येते. तुमच्या कानाची फार कीर्ती ऐकलीय."

कीर्ती! अण्णांचा डावा कान तीन वर्षांखाली गेला, उजवा औंदा. हे घरातल्या तिघांनाच माहीत — ते, आई, मी. गिऱ्हाइकाला नाही. ते बोललं की अण्णा अंदाजानं मान हलवतात. अण्णा लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनवर टेकवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात. लोक श्वास रोखून बघतात. आणि मी बाकावर पुस्तक घेऊन बसलेली असते. ऐकते मी. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर एक बोट म्हणजे पॉइंट. दोन म्हणजे प्लग. तीन, कार्बोरेटर. अण्णा डोळे उघडतात, माझ्याकडं सहज बघितल्यासारखं करतात आणि निकाल सांगतात. "सिताराम मिस्त्रीचा कान" म्हणतात ना, तो हा.

आज मला लगेच ऐकू आलं. कार्बोरेटरच्या बुडाशी बारीक शिट्टी. पॅकिंगमधून हवा खेचायलीय. तीन बोटं, अर्ध्या तासाचं काम.

अण्णांचा हात पण तिथंच गेला, बुडाशी. थांबला. माझ्याकडं बघून भुवया उचलल्या — इथं?

मी मान हलवली. नाही. आणि एक बोट.

का, ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, म्हणजे मी विसरणार नाही. मार्चमध्ये सरांच्या घरी लिहिणाऱ्यांच्या बैठकीत कथा दिली होती. अकरा पानं, एकही क्रियापद नाही. आठ महिने घालवले तिच्यावर. सरांनी ती मोठ्यानं वाचली — स्टार्टर मारल्यासारखा आवाज काढत, दर वाक्याला गाडी बंद पाडत. वीस माणसं हसून लोळली. शेवटी म्हणले, "मिस्त्रींची मुलगी आहे बरं का. इंजिन आहे, पिकअप नाही." आणि त्याच महिन्यात त्यांच्या मासिकाचा अंक निघाला, जाड पिवळ्या कव्हरचा. पहिला लेख कशावर? श्रमिकांच्या घामावर.

खा आता गचके.

८ नोव्हेंबर

नवे पॉइंट बसवले. गाडी तशीच घुटमळत गेली. मला दोन भाकरी जास्त गेल्या.

११ नोव्हेंबर

परत आली! जिंतूर रोडला ट्रकच्या पुढं काढताना मधेच बसली म्हणे. सरांच्या कपाळावर घाम. श्रमिकांसारखा.

सोबत मुंजाजी होता, त्यांच्या पेडगावच्या शेतावरचा गडी. सर अण्णांशी बोलायले, तेवढ्यात हा माझ्या बाकापाशी उकिडवा बसला.

"ताई, एक सांगू का? सरला कळू द्यायचं न्हाई पण."

"बोला."

"ते कारबेटर म्याच उघडलतं. कचरा काडाया. खालचं पाकिंग फाटलं, मंग दुसरं कापून बशिवलं. हिरीवरच्या इंजनाला न्हाई का बशिवत आमी, पुठ्ठ्याचं, गिरीस लावून. धा-धा वर्सं चालतंय."

"पुठ्ठा कुठला घेतला?"

"सरच्याच बुकाचा. जवारीच्या खोलीत ढीग पडलाय की. पिवळं कव्हर लय दणकट हाय बगा."

मी तोंडात ओढणी कोंबली. श्रमिकांचा अंक कार्बोरेटरच्या बुडाखाली! विहिरीवरचं डिझेल इंजिन काय, काहीपण सहन करतं. पेट्रोलच्या गाडीत तो पुठ्ठा भिजून, वाळून, आकसून गेला असणार. म्हणून शिट्टी.

"कुणाला सांगणार नाही," मी मुंजाजीला म्हणलं. शब्द दिला. शब्द पाळायला इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

अण्णांना दोन बोटं दाखवली. प्लग.

१४ नोव्हेंबर

नामांतराचा मोर्चा. बाजार बंद, एसटी बंद. पाथरीला सभा होती, सर तिथं बोलणार होते. नाक्यावर मोर्चा आडवा आला, सरांनी ब्रेक मारला. परत पाय दाबला आणि गाडी एकदा खोकून मेली. मोर्च्यातल्याच चौघांनी ढकलत ग्यारेजपर्यंत आणली. एकजण म्हणला, "सर, आमी पायीच पोचलो असतो की पाथरीला."

अण्णा बॉनेट उघडायलेले. सर रुमालानं मान पुसत माझ्या बाकाशी उभे. हीच वेळ. आठ महिने तोंडात धरून ठेवलेलं वाक्य. मी पुस्तकातून मान वर केली आणि हळूच म्हणलं, "सर, इंजिन आहे. पिकअप नाही."

वाटलं, आता चेहरा पडेल.

सर म्हणले, "अगदी बरोबर बोललीस! नेमकं हेच होतंय बघ." आणि हसले. मनापासून.

१५ नोव्हेंबर

आठवत पण नाही त्याला.

१६ नोव्हेंबर

मग अजून गचके. आठवेपर्यंत.

१९ नोव्हेंबर

आतापर्यंत पॉइंट, प्लग, कंडेन्सर, वायरी. सगळं मी बोटावर दाखवलं, अण्णांनी मुकाट बदललं. अण्णा आजकाल स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून लय वेळ उभे राहतात. माझ्याकडं बघतात तेव्हा डोळे ओले असल्यासारखे वाटतात. पेट्रोलची वाफ असेल.

आज सर चिडले. चार गिऱ्हाइकं उभी असताना म्हणले, "मिस्त्री, तुमचा जमाना संपला. आता कान बिन काही उरला नाही तुमच्यात."

अण्णांना वाटलं, तारीफ करायलेत. हात जोडले. हसून म्हणले, "मेहेरबानी, सर."

गिऱ्हाइकं एकमेकांकडं बघायली.

सांगायला पाहिजे होतं मी तेव्हा. तीन बोटं. पण मार्तंड्याच्या तोंडून माझ्या बापाची लाज निघाली, आणि मीच त्याची गाडी नीट करून देऊ? आता तर जन्मात नाही. त्याला एकदा जिंतूर रोडवर बायकोपोरांसमोर भर उन्हात ढकलताना बघायचंय मला. गोष्ट लिहीन त्याच्यावर. क्रियापदांसकट.

२२ नोव्हेंबर

ऐकू न येणाऱ्या माणसाला कुजबुजता येत नाही. अण्णांना वाटतं, आपण हळू बोलायलोत. दुपारी स्वयंपाकघरात आईला सांगत होते. पत्र्याच्या अलीकडं मी.

"कान गेला तर म्या फिकीर केली न्हाई. हात होता. त्या लाल गाडीला पैल्याच दिशी हाताला लागलं, बुडातून हवा खेचायलीय. पोरीला इचारलं. ती म्हणली न्हाई. तिचा कान चुकत नसतोय. म्हणजे माजा हातच खोटं सांगाया लागला बघ."

आईनं खुणेनं काय विचारलं, दिसलं नाही.

"न्हाई, मन दुखवायचं न्हाई तिचं. बिचारी किती जीव लावून बसती त्या बाकावर. त्या नागनाथ मिस्त्रीला पाने, सगळी हत्यारं देऊन टाकतो परवा. झरीच्या जिनिंगवर चौकीदार पायजेल. पडून ऱ्हायचं, गेटवर."

मग नळाखाली हात धूत बसले. साबण लावून. परत साबण लावून. पस्तीस वर्षांचं काळं असं जातंय होय.

२३ नोव्हेंबर

सकाळपासून सहा कागद फाडले. लिहून द्यावं म्हणलं. लिहून काय देणार? अण्णा निजामाच्या शाळेत चार बुकं शिकले, सगळी उर्दू. माझं एक अक्षर वाचता येत नाही त्यांना. कधी वाचलं नाही, हे आज ध्यानात आलं.

बोटांनी सांगावं? पॉइंट, प्लग, कार्बोरेटर — माफीला कितवं बोट?

हळू सांगून ऐकू जात नाही. ऐकू जाईल एवढं ओरडले तर ग्यारेजसमोरचा सगळा वसमत रोड ऐकतो. मग सगळ्यांना कळेल, सिताराम मिस्त्रीला ऐकू येत नाही. आणि हे पण कळेल, की...

तुला एवढंच लिहून घेता येतं ना? घे.

२४ नोव्हेंबर

नागनाथ पाने न्यायला आला होता. सर पण होते, गाडी दुसरीकडं नेतो म्हणून सांगायला. बॉनेट उघडं होतं. मी अण्णांच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि ओरडले, "अण्णा, तुमचा हात खरा होता. मी खोटं सांगितलं. मुद्दाम." दोनदा ओरडले. रस्त्यावरच्या कापसाच्या गाड्या थांबल्या. सरांकडं मी बघितलं पण नाही.

अण्णांनी हात कार्बोरेटरच्या बुडाशी घातला आणि डोळे मिटले.

त्यांनी हात काढून माझ्याकडं बघायच्या आत मी निघाले, तुला घेऊन. स्टँडवर उभी आहे. पहिली एसटी लागेल, कुठलीही, तिच्यात बसणार.